संदेह येथें न धरावा

३ डिसेंबर १९५५, शनिवार

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी हातात लेखणी नसली की मला सुचत नाही. सुमती म्हणते, तुम्ही कोळणीशीसुद्धा मसुदा केल्यासारखे बोलता. असेल. म्हणून आजपासून ही दैनंदिनी, म्हणजे कोळीण सुटेल.

काल आमची वासंती आम्हा दोघांना दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. लग्न होऊन शिवाजी पार्कला गेल्यापासून दादरचं ते सगळं उत्तम आणि गिरगावातलं ते सगळं जुनाट, असा तिचा समज आहे. पण डॉक्टर खरंच हुशार दिसले. सुमतीचे डोळे त्यांनी बराच वेळ तपासले आणि म्हणाले, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढला आहे. उजवा डोळा जवळजवळ गेल्यात जमा. डावा वाचेल, पण महिन्याभरात शस्त्रक्रिया करायला हवी, आणि तोवर रोज थेंब घालायचे. एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सुमतीने विचारलं, मला माणसं दिसतील ना? ते म्हणाले, वेळेवर आलात तर दिसतील.

ट्राममधून उतरताना सुमतीने माझी बाही धरली. इतक्या वर्षांच्या संसारात भर रस्त्यात तिने असं कधी केलं नव्हतं. मला काय बोलावं कळेना, म्हणून मी गेल्या महिन्यातल्या फाउंटनच्या गोळीबाराबद्दल बोलत राहिलो.

आज दुपारी फडताळ आवरताना आईची पोथी सापडली. लाल फडक्यात बांधून ठेवलेली. कोकणातल्या कुणा सत्पुरुषाचं चरित्र. पहिलं पान फाटल्यामुळे कर्त्याचं नाव गेलेलं. आई चातुर्मासात वाचायची, मी कधी उघडली नव्हती. सहज शेवटचा अध्याय काढला, तर ही ओवी:

नेमें वाचितां एक मंडळ । नेत्रींचें हरपे पडळ ।
अंधासी दिसे सकळ । संदेह येथें न धरावा ॥

नोकरीची सारी वर्षं मी सरकारी नियम वाचण्यात घालवली. साहेबलोक म्हणायचे, कागद शरदचंद्रला दाखवा, तो नसलेलं वाचणार नाही आणि असलेलं सोडणार नाही. त्या नजरेने मी ओवी पुन्हा पाहिली. मुदत ठरलेली, लाभ ठरलेला, अट ठरलेली. ह्याहून स्वच्छ मसुदा मी कचेरीतही पाहिला नव्हता.


४ डिसेंबर, रविवार

‘मंडळ’ म्हणजे नेमके दिवस किती, हे विचारायला सकाळी उपाध्यांकडे गेलो. आमच्या घरची लग्नं-मुंजी दोन पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे. त्यांनी सांगितलं, कुणी चाळीस धरतात, कुणी अठ्ठेचाळीस. मग म्हणाले, डॉक्टरांची तारीख घेतलीत ना? मी म्हटलं, तारीख कशाला, पोथी आहे.

उपाध्ये म्हणाले, ‘‘शरदचंद्र, फलश्रुती म्हणजे कडू औषध पिणाऱ्या पोराच्या हातावर ठेवलेला गूळ. पोराने औषध प्यावं म्हणून. गुळाने ताप जात नसतो.’’

ज्याचं पोट पोथीवर चालतं त्याने असं बोलावं, ह्याचा मला राग आला. म्हणजे पोथी खोटी का, असं मी स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, खोटी नव्हे, पण ती सरकारी हुकूम म्हणून लिहिलेली नाही. मी दक्षिणा ठेवून उठलो. वेळ पडली तर कमी पडू नये म्हणून अठ्ठेचाळीस दिवस धरायचे ठरवलं.

आता अट. ‘संदेह येथें न धरावा.’ एकीकडे पोथी वाचायची आणि दुसरीकडे शस्त्रक्रियेची तारीख घेऊन ठेवायची, हा संदेह नव्हे तर काय? थेंबांचंही तेच. अट मोडली की लाभ रद्द. वासंतीला हे समजावलं तर ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘‘बाबा, डोळे आईचे आहेत.’’ मी म्हटलं, म्हणूनच तर. ती न जेवता दादरला गेली. कापडाच्या दुकानासारखं दहा ठिकाणी विचारून घ्यायची हिची पिढी, हिला एका ठिकाणी विश्वास टाकणं काय कळणार?

सुमतीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. म्हणाली, होऊ दे तुमच्या मनासारखं, एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यासाठी काही वाचून दाखवलं नाहीत, तेवढं तरी पदरात पडेल. आणि हसली. तिचं हसू अजून लग्नातलंच आहे. थेंबांची बाटली मी स्वतःच्या हाताने फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली.


५ डिसेंबर, सोमवार

आरंभ झाला. पहाटे स्नान, सोवळं, गॅलरीच्या दारासमोर आसन, समोर सुमती. मंडळभर मासळी बंद. आम्हा मासेखाऊ परभूंच्या घरात सरंगा नाही म्हणजे देवाला कळेल आम्ही किती गंभीर आहोत ते.

पहिल्याच अध्यायात त्या सत्पुरुषाची म्हैस हरवते आणि तो तिला शिव्या देत रानभर हिंडतो. सुमती पदर तोंडाला लावून हसत होती. मी वाचन थांबवून तिला सांगितलं की पोथी ऐकताना हसू नये. ती म्हणाली, अहो, लिहिणाऱ्याने हसण्यासाठीच लिहिलंय. तसं काही लिहिलेलं मला तरी आढळलं नाही.


१४ डिसेंबर, बुधवार

सुमतीच्या कपाळाला टेंगूळ आलं आहे. फडताळाचं दार उघडं राहिलं होतं म्हणे. आमटीत मीठ दोनदा पडलं. मी सगळी आमटी संपवली.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवण्यासारखी. सकाळी वाचनाला बसते तेव्हा तिचे गाल ओले असतात. संध्याकाळी दिवेलागणीलाही तेच. भक्तीने डोळे भरून येत असणार. हिला देवाधर्माची फारशी आवड नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो. गंगुबाई त्या वेळी हटकून स्वयंपाकघरात तिच्याजवळ असते. ती लालबागहून येते, आमच्याकडे धुणंभांडी करून पुन्हा दोन घरं करते, पण हल्ली आमच्याकडे रेंगाळते. तिलाही पोथीची गोडी लागली असेल.


२० डिसेंबर, मंगळवार

फरक काहीच नाही. उलट आज ती दिवाणखान्यात भिंतीला हात लावून चालत होती. मी म्हटलं, काय करतेस? म्हणाली, धूळ बघते.

खूप विचार करून मी तिला विचारलं, तुझ्या मनात कुठे संदेह तर नाही? मी रागाने नाही विचारलं. तसं मी एखाद्या हाताखालच्या कारकुनालाही विचारलं असतं, बाबा रे, कागद कुठे अडला? तिने हातातली वात वळायची थांबवली. मग म्हणाली, नाही हो. तिचा आवाज इतका लहान झाला होता की मलाच वाईट वाटलं.

म्हणजे दोष तिचा नाही. उरलो मी. कुठेतरी माझ्या उच्चारात, सोवळ्यात, मनात काहीतरी उणं आहे. उद्यापासून एकभुक्त. त्याने भागलं नाही तर नुसत्या पाण्यावर.


२५ डिसेंबर, रविवार

काल लिहिणं जमलं नाही. दोन दिवस नुसतं पाणी घेत होतो. काल अध्याय वाचताना अक्षरं हलायला लागली, आणि पुढचं आठवतं ते एवढंच की मी आसनावर आडवा आहे, माझं डोकं सुमतीच्या मांडीवर आहे आणि गंगुबाई तोंडावर पाणी मारते आहे. सुमती माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवत होती. कपाळ, नाक, ओठ, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, अगं मी आहे, जिवंत आहे. तरी तिचा हात थांबेना.

गंगुबाई आपली बडबडत होती. ‘‘सायबानु, दुखण्याक काय वाचूक येत नाय,’’ म्हणाली. बिचारी अडाणी. तिला वाटलं असावं की मी स्वतःच्या दुखण्यासाठी वाचतो आहे.


२६ डिसेंबर, सोमवार

बाकी सगळं सोडून आधी हे लिहायला बसलो आहे.

आज सकाळी उपाध्ये माझी चौकशी करायला आले होते. ते गेल्यावर सुमती सहज म्हणाली, ‘‘आज भटजींनी गंध वाकडं लावलं होतं, नाही?’’

खरंच वाकडं होतं. पार भुवईवर उतरलेलं. मी पाहिलं होतं, गंगुबाईने पाहिलं होतं आणि हसली होती. आणि सुमतीने पाहिलं! मी तिला म्हटलं, तुला दिसलं? ती म्हणाली, अंधूक, पण दिसलं. आता तरी दोन घास खा. मी ताटावर बसलो आणि चार पोळ्या खाल्ल्या. ती समोर बसून होती, आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत उठली नाही.

मी रडलो. लिहायला लाज कशाला? उपाध्यांच्या वाकड्या गंधातून देवाने मला उत्तर दिलं.


३ जानेवारी १९५६, मंगळवार

पुरावे एकापाठोपाठ एक येत आहेत. क्रमाने लिहायला हवेत, पण आनंदात क्रम कुठला.

परवा वासंती आईला हिंदमाताला घेऊन गेली होती, लुगडं घ्यायला. घरी आल्यावर सुमतीने मला विचारलं, कसा आहे अंजिरी रंग, काठ जांभळा आहे तो जरा रुंद झाला का? जसं सांगितलं तसंच होतं. काल तिने माझ्या सदऱ्याचं बटण लावलं. सुईत दोरा आधीच ओवलेला. पाहतो तो टोपलीतल्या सगळ्याच सुया ओवून ठेवलेल्या, ओळीने. काय ती टापटीप! आणि सर्वांत मोठी गोष्ट: उजेडात तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं तर बाहुल्या बारीक झाल्या आहेत, मोहरीएवढ्या. पूर्वी अशा नव्हत्या. तेज एकवटत असणार.

थेंबांची बाटली फळीवर जागच्या जागी आहे. औषध मात्र अर्ध्यावर आलंय. हवेने उडत असेल.

वासंती आल्यावर मी हे सगळं तिला सांगितलं. ती आईकडे पाहत राहिली, माझ्याकडे नाही. मग म्हणाली, ‘‘एवढं बरं वाटतंय तर डॉक्टरांना दाखवू या ना, बाबा. त्यांनाही आनंद होईल.’’ मी म्हटलं, मंडळ पुरं होऊ दे, मग मिरवत नेऊ. सुमतीच पुढे होऊन म्हणाली, राहू दे गं वासू, थोडे दिवस उरलेत. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आत काहीतरी धुसफुस चालली होती. मायलेकींचं काही सांगता येत नाही.


११ जानेवारी, बुधवार

आज वाचताना एक गंमत झाली. म्हशीचा प्रसंग पुन्हा आला, कारण पोथी संपली की मी पहिल्यापासून धरतो. सुमती ह्या खेपेला हसली नाही. मी मान वर केली, तर ती माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे, जिथे भिंत आहे तिथे. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, तुमचा आवाज चांगला आहे, आधी कधी कळलंच नव्हतं.

इतक्या वर्षांनी नवऱ्याला कुणी असं म्हणतं का? मी पुढचा अध्याय जरा सुरात वाचला.


१७ जानेवारी, मंगळवार

काल रात्री रेडिओवर निवेदन झालं, मुंबई महाराष्ट्राला नाही. तेव्हापासून गिरगाव पेटलं आहे. आज दिवसभर घोषणा, दगड, अश्रुधूर. ठाकुरद्वाराकडून गोळीबाराचे आवाज आले. संचारबंदी लागली आहे. वाचन चुकवलं नाही.

गंगुबाई आली नाही. लालबाग, परळमध्ये तर ह्याहून भयंकर चाललंय म्हणतात. वासंतीकडूनही निरोप नाही. सुमती सारखी दाराकडे कान लावून बसते आणि विचारते, गंगुबाई आली का? मोलकरणीवर एवढा जीव असतो, हे मला ठाऊक नव्हतं.


१९ जानेवारी, गुरुवार

गंगुबाई आजही नाही. सुमतीचा हात तव्यावर भाजला. दूध उतू गेलं. पेला तिच्या समोर असताना तिने तो पालथा केला. गोळीबाराच्या आवाजांनी तिच्या हाताला कंप सुटला असणार. डोळे तर बरे आहेत. मी आयुष्यात पहिल्यांदा भात लावला. खाली लागला. ती म्हणाली, छान झालाय.

संध्याकाळी ती गालावर हात टेकून बसली होती. गाल कोरडे होते.

शेवटच्या दिवसासाठी उद्यापनाचा नियम काढून ठेवला आहे:

लाभली दृष्टी जयासी । तेणें प्रसाद घेऊनि हस्तासी ।
वाट ओलांडूनि शेजाऱ्यासी । द्यावा सूर्यास्ता आधीं ॥

आणि पुढच्याच ओवीत, तोवर वाचणाऱ्याने आसन सोडायचं नाही. सगळं किती काटेकोर आहे! ‘वाट ओलांडूनि’ म्हटलंय, म्हणजे आमच्या माळ्यावरचे शेजारी चालणार नाहीत. गल्लीपलीकडच्या राधाबाई योग्य. त्यांचं दार आमच्या जिन्यासमोरच आहे.


२२ जानेवारी, रविवार

काल लिहू शकलो नाही. आज लिहितो, आणि जसं घडलं तसं लिहितो.

काल मंडळ पुरं झालं. दुपारी संचारबंदी थोडा वेळ उठली होती. शिरा तयार होता. साजूक तुपातला, बराचसा मीच केलेला. सुमतीला म्हटलं, जाऊन ये. ती म्हणाली, गंगुबाई आली की जाते. मी म्हटलं, गंगुबाईचा काय संबंध, ओवीत ‘तेणें’ आहे. ती म्हणाली, बरं. पण उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पुन्हा म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. मी आसनावरून कसा उठणार? उन्हं भिंतीवरून वर सरकायला लागली. संचारबंदी पुन्हा सुरू झाल्याचा पुकारा खालून गेला. मी म्हटलं, अगं, समोरचं तर दार, चार पावलं, कोण बघतंय. एवढं सगळं झालं आणि शेवटी अट मोडायची का?

ती उठली. मी तिच्या हातात शिऱ्याची वाटी दिली. दारापाशी ती वळून म्हणाली, ‘‘मी गेले तर तुमचं मन शांत होईल ना?’’ मी हो म्हटलं.

माझं आसन गॅलरीच्या दारासमोर आहे. कठड्याच्या गजांतून गल्ली दिसते. तिला जिना उतरायला एवढा वेळ का लागतो आहे, हे मला कळेना. मग ती खाली दिसली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दगड, काचा, जळकं टायर. राधाबाईंचं दार समोर होतं. ती समोर गेली नाही. डावीकडे वळली आणि वाटी दोन्ही हातांत धरून संथ चालायला लागली, नाक्याकडे. नाक्यावर शिपाई होता.

त्याने ओरडून थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. उलट आवाज आला तिकडेच वळली आणि हसून म्हणाली, राधाबाईंना सांगा, प्रसाद आणलाय. त्याने बंदूक वर केली. मी पाहत होतो. अजून आसनावरच होतो.

‘‘बाई, थांबा म्हणतोय ना! दिसत नाही काय तुम्हाला?’’

सुमती थांबली. कुणी वाट विचारल्यावर सांगावी, इतक्या सरळ आवाजात म्हणाली, ‘‘नाही रे बाबा. मला काही दिसत नाही.’’

गल्ली इतकी सुनसान होती की शब्द तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ आले. जे तिने मला इतके दिवस सांगितलं नाही, ते तिने बंदूक घेतलेल्या परक्या माणसाला एका क्षणात सांगितलं.

आसन कधी सुटलं, जिना कसा उतरलो, ठाऊक नाही. सोवळ्यात, उघडा, अनवाणी गल्लीत पोचलो तेव्हा शिपायाने बंदूक खाली केली होती आणि तिचा दंड धरून तिला काचांवरून बाजूला घेतलं होतं. कोवळा पोरगा होता, साताऱ्याकडचा असावा. घामाने निथळत होता. म्हणाला, ‘‘आजोबा, तुमच्या घरातल्या का? मग एकटं कसं सोडलं ह्यांना?’’

मी तिचा दुसरा दंड धरला. सुमतीने त्याला विचारलं, जेवलास का? आणि वाटी पुढे केली. ती जरा चुकून त्याच्या पट्ट्यावर आपटली. त्याने एका हातात बंदूक सांभाळत दुसऱ्या हातात शिरा घेतला.

वाट ओलांडली होती. सूर्यास्त व्हायचा होता. एवढं माझ्या मनात येऊन गेलं, आणि मग मला स्वतःची शिसारी आली.

वर आल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिने सगळं सांगितलं. गंध गंगुबाईने सांगितलं होतं. लुगडं वासंतीने. सुयाही गंगुबाईच्याच. आणि थेंबसुद्धा, मी वाचनाला बसायच्या आधी आणि दिवेलागणीला, स्वयंपाकघरात, गंगुबाई घालायची. गेले पाच दिवस तेही बंद. फळीवरची बाटली एकट्याने काढायला जाऊन ती दोनदा स्टुलावरून घसरली.

मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस?

‘‘सांगणार होते. पण तुम्ही पाण्यावर राहायला लागलात आणि माझ्यासमोर कोसळलात. मला वाटलं, डोळे जायचे तर जाऊ देत, हे राहू देत. आणि तुम्ही विचारलंत ना, मनात संदेह आहे का? होता हो. पहिल्या दिवसापासून होता. पण तो कबूल केला असता तर माझे डोळे माझ्याच पापाने गेले असते. नाही म्हटलं तर निदान पोथीच्या माथी गेले.’’

एवढं बोलून ती थांबली आणि मला थोपटायला लागली. मला. अंधाऱ्या दिवाणखान्यात कितीतरी वेळ आम्ही तसेच बसून होतो. दिवा लावायचं मला सुचलं नाही आणि तिला कळलं नाही.


२ फेब्रुवारी, गुरुवार

गावात शांतता होताच वासंती टॅक्सी घेऊन आली. तिच्याशी नजर मिळवायला मला धीर होईना. तिने पुढे होऊन माझ्या सदऱ्याची चुकलेली बटणं नीट लावली. गंगुबाई सुखरूप आहे. तिच्या चाळीतले दोघे मात्र गेले. आल्या आल्या तिने सुमतीला मिठी मारली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, सायबानु, बाटली आता खालच्या फळीवर ठेवा.

उजव्या डोळ्याचं काही उरलेलं नाही. डाव्यावर परवा शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मला वेगळं बोलावलं. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, डिसेंबरात आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं, थेंब घातले म्हणून थोडं तरी आहे. किती, ते पट्टी काढल्यावर कळेल.

वासंतीकडून सगळं ऐकून उपाध्ये इस्पितळात भेटायला आले होते. मला धडा वाचून दाखवतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. पण ते सुमतीच्या खाटेशी बसले आणि तिला म्हणाले, वहिनी, त्या दिवशी माझं गंध खरंच एवढं वाकडं होतं का? ती पट्टीखाली हसली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तिची एक मागणी आहे. घरी गेल्यावर पोथी वाचायची, पण फक्त म्हशीचे अध्याय, आणि हसायला मोकळीक हवी. मी कबूल केलं. मला मात्र भीती वाटते ती वेगळीच. आयुष्यभर मी शब्दाला धरून चाललो, आणि आता हिच्या शब्दाची मला खात्री नाही. पट्टी निघेल, ती म्हणेल, दिसतं, छान दिसतं. ती तसं म्हणणारच. मग मी काय धरून चालू?


११ फेब्रुवारी, शनिवार

आज पट्टी काढली.

वासंती खाटेच्या एका बाजूला होती, मी दुसऱ्या. डॉक्टरांनी डोळा पुसला आणि समोर बोटं धरली. विचारलं, किती? सुमतीने उत्तर द्यायच्या आधी मान जरा वळवली, माझा कानोसा घ्यावा तशी. मला वाटलं, ही आता माझ्यासाठी बोलणार.

मी म्हटलं, ‘‘सुमती, दिसत नसेल तर नाही म्हण. मला चालेल.’’

चारचौघांत मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. वासंतीनेही चमकून पाहिलं.

सुमतीने मान पुन्हा समोर वळवली. मग म्हणाली, ‘‘दोन बोटं. ती दिसतात. पण बाकी सगळीकडे काळोख आहे. डॉक्टरांचं तोंड नाही दिसत. वासू नाही दिसत. तुम्हीही नाही दिसत.’’

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून ‘नाही’ ऐकताना मला असं बरं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नजरेला सरळ समोरची एवढीच खिडकी उरली आहे, ती जपायची. सुमतीने हात लांब केला आणि म्हणाली, इकडे सरका पाहू. मी सरकलो. म्हणाली, नाही, अजून. मी खाटेच्या पायथ्याशी आलो. अजून थोडं. मी आणखी एक पाऊल टाकलं.

‘‘थांबा. आता दिसलात. किती वाळलात हो,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यापुढे माझ्याशी बोलताना इथेच उभे राहत जा.’’

मी हललो नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, वासंती औषधं आणायला खाली गेली, आणि मी तिने सांगितलं होतं तिथे उभा राहिलो.